काजं चार, बटणं तीन

मंगळवारी अम्मा कारखान्यात विड्या मोजून देते,
मजुरी कमरेच्या पिशवीत, पिशवी पदराच्या आत,
आणि म्हणते, चल.
कुठं, ते विचारायचं नसतं.

मार्चातलं सोलापूर. डांबर चप्पल धरून ठेवतं.
कांद्याचे ढीग संपले, सुकट संपली,
कुलपं दुरुस्त करणारा, दातांचं मंजन, उंदरांचं औषध,
मग बाजारात ताडपत्री सुरू होते
आणि तिच्यावर कपड्यांचा डोंगर,
कुणाकुणाच्या अंगावरून उतरलेला.

मैनुद्दीन स्टुलावर उभा, हातात भोंगा.
"साठला एक, दीडशेला तीन!
डाग दिसला तर दाखवा, नाही दिसला तर घाला!"
त्याच्या मागं दोरीवर सात स्वेटर
आणि एक लोकरीचा ओव्हरकोट.
"हे कोण घेतंय इथं?" मी विचारलं.
"थंडी काय सांगून येती का?" म्हणाला,
आणि त्याच कोटाच्या बाहीला घाम पुसला.

अम्मा खाली बसते. बायकांच्या गुडघ्यांतून जागा करते.
कापड अंगठ्याखाली घेते, तेंदूचं पान घेते तसं,
डोळे मिटून.
"हे दोन धुण्यांत जातंय. हे टिकंल."
माझ्याशी तेलुगुत, शेजारणीशी मराठीत,
मैनुद्दीनशी हिंदीत,
आणि भाव नुसत्या बोटांनी.

मी उभीच. ओढणी तोंडाला बांधलेली,
डोळे तेवढे उघडे.
उन्हासाठी, असं मी अम्माला सांगितलंय.

मग तो दिसला.
चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा रंग, लाकडी बटणं.
बाही वर, बाकीचा कुर्ता ढिगाच्या पोटात.
मी ओढला.
पलीकडून कुणीतरी ओढला.
मी पाय रोवला. तिकडंही कुणीतरी रोवला.
मधला डोंगर हलला, एक परकर घसरला,
तीन टाय, कुठल्याशा शाळेचा बिल्ला लावलेला शर्ट.

तिचंही तोंड बांधलेलं.
पण मनगटावरचा तो भाजल्याचा डाग
रोज माझ्यापुढच्या बाकावर असतो,
केस मागं सारताना दिसतो.
विशाखा बिराजदार.
जिचे सगळे ड्रेस पुण्याहून येतात.
जिला मी सांगितलंय, माझे मामी शिवते.
अम्माला भाऊच नाही.

"सोड की गे," बाजूची बाई म्हणाली,
कुणाला ते कळलं नाही.
"फाटला तर दोघींकडून साठ-साठ," वरून मैनुद्दीन.
तिची नजर आधी खाली गेली, की माझी,
अजून सांगता येत नाही.
मी सोडलं.
सोडताना टच्‌ झालं काहीतरी.

अम्मानं एकशेवीसला तीन केले.
दोन पँटी भावाला, एक पिवळं काहीतरी मला.
जाता जाता ओव्हरकोटाचाही भाव विचारला.
"काय करतीस त्याला?"
"काही नाही. विचारलं नुसतं."
पण कोटाची कॉलर तिनं एकदा नीट बसवली,
कुणी आत असल्यासारखी.

रिक्षात मूठ उघडली.
लाकडी बटण, दोन भोकांचं, दोरा अजून अडकलेला.

बुधवारी ती तो घालून आली.
धुतलेला, इस्त्री केलेला, चौथ्या काजाला सेफ्टी पिन.
"पुण्याचा का गं?" कुणीतरी विचारलं.
"पुण्याचाच."
मी काहीच म्हणाले नाही.
अकाउंटच्या तासाला, सर फळ्याकडं वळल्यावर,
खोडरबराखाली ठेवून बटण पुढं सरकवलं.

ती वळली नाही.
हात तेवढा मागं आला, डागासकट,
खोडरबर परत, बटण गेलं.
बराच वेळ नुसता पंखा.
मग वहीत मान घालून, ओठ न हलवता,

"पुढच्या मंगळवारी
तुझी मामी किती वाजता असते?"

"चारला," मी म्हणाले. "ऊन उतरल्यावर."